फुलवालीचा अंबाडा

माझं माहेर भुईगावचं. वाडीतलं घर, मागं सुरूची झाडं आणि त्याच्या मागं समुद्र, पण समुद्राकडं बघायला वेळ कोणाला होता, आमची नजर सगळी मोगऱ्यावर. मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडावी लागते, उमलली की बाजारात तिला कोणी विचारत नाय, म्हणून उजाडायच्या आधी आई आम्हा बहिणींना उठवायची आणि उठवल्या उठवल्या पहिलं काम काय, तर केस बांधायचे. मोकळ्या केसांनी झाडात वाकलं की केस अडकतो, आणि टोपलीत कळ्यांबरोबर केस गेला की व्यापारी तोंड वाकडं करतो. मग आई गुडघ्यात धरायची, खोबरेल थापायची आणि अशी ओढून वेणी घालायची की भुवया वर चढायच्या. आम्ही म्हणायचो आई दुखतंय, आई म्हणायची सैल वेणी वाडीतल्या पोरीला शोभत नाय. एवढंच. दुसरं उत्तर नाय.

आणि केस होते हो माझे. आता सांगून काय उपयोग, पण होते. बसले की जमिनीला लागायचे. खोटं वाटत असेल तर रेजिनाला विचारा, आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली, माझ्याच वयाची, आता वसईत पार्लर चालवते. ती लहानपणी माझी वेणी हातात धरून मागनं चालायची आणि मी नवरी आणि ती करवली असं खेळायचो आम्ही.

लग्न होऊन आले इथं चंदनसारला. तुम्ही आता वही उघडून बसलात ना, ह्या बिल्डिंगच्या खाली आमचं खळं होतं. सगळं भात. सासरी फुलाचं झाड म्हणाल तर दारातली तुळस, आणि तिला काय गजरा होतो? मला करमेना. मग भाऊ वाडीतनं कळ्या पाठवायला लागला आणि मी गजरे करायला बसले, केळीच्या खोडाचा दोरा भिजवून त्यात ओवायचे, तो दोरा फुलाला कापत नाय. हळूहळू विरारला पूर्वेला बाजारात बसायला जागा झाली, मग लग्नाच्या वेण्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या, मोगरा-अबोलीची मोठी वेणी, नवरीच्या घरी जाऊन तिच्या केसात मीच माळून द्यायची. आमचे हे सातिवलीला कारखान्यात, त्यांचा पगार आणि माझी फुलं, असं घर चाललं. आणि ह्या धंद्यात एक आहे बघा, फुलवालीच्या डोक्यात फूल पाहिजे. मिठाईवाला मिठाई खात नसेल तर चालतं, पण फुलवाली बोडक्या डोक्यानं बसली तर तिच्याकडनं गजरा कोण घेणार? म्हणून रोज पहाटे अंबाडा, गच्च, आणि त्याच्यावर ताजी वेणी. लांबनं बाया ओळखायच्या, तो बघा अंबाडा, तिच्याकडनं घ्या.

केतकी झाली, माझी एकुलती एक, तेव्हा केस गळले होते पण परत आले. सगळ्यांचं तसंच होतं. चाळिशी उलटली आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू तुम्हाला. केर काढला की केस, उशीवर केस, न्हाणीच्या जाळीत केस, भातात केस. आमचे हे भांडत नायत कधी, ते काय करायचे, भातातला केस दोन बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि त्याच्याकडं बघत जेवायचे. बोलले असते तर बरं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

भांग रुंद झाला. मग कानांच्या वर, इथं, कपाळाच्या कडेला, जागा मोकळी व्हायला लागली. मी काय केलं, तर गंगावन आणलं. खोट्या केसांचा झुपका तो, आपल्या केसात गुंडाळायचा आणि अंबाडा भरदार करायचा. त्यानं काही दिवस भागलं. मग आपलेच केस एवढे कमी झाले की गंगावन धरेना, म्हणून आणखी घट्ट बांधायला लागले, केसात आणखी आकडे, आणि पुढचं उघडं दिसू नये म्हणून वेणी आणखी मोठी. जसजसे केस जातायत तसतशी माझी वेणी मोठी होतेय, आणि बाया म्हणतायत, मावशी, तुमचं रूप दिवसेंदिवस खुलतंय! रात्रीपण सोडायचे नाय मी. पहाटे उठून परत कोण बांधणार, आणि खरं सांगायचं तर आरशात बघायला नको वाटायचं.

आणि सल्ले! डोक्यावर केस राहिले नायत पण सल्ल्यांनी डोकं भरलं. नणंद म्हणाली जास्वंदीचं तेल, तिनंच करून दिलं, सगळी उशी लालभडक झाली, केस तेवढेच. बाजारातली भाजीवाली म्हणाली कांद्याचा रस लाव, माझ्या मावसबहिणीला आले. लावला. आता मला सांगा, मी मोगरा विकते. टोपली मोगऱ्याची आणि तिच्या मागं बसलेल्या बाईच्या डोक्याला कांद्याचा वास. एक बाई गजरा नाकाला लावते, परत लावते, माझ्याकडं बघते आणि विचारते, मावशी, फुलं कांद्याच्या गाडीतनं आली का? तो दिवस गेला तसाच, सगळे गजरे देवळात देऊन आले. मग केतकीनं मोबाईलमधे बघून कसलं तरी पानांचं पाणी करून बाटलीत भरलं, ते फवारायचं. सासूबाई म्हणाल्या कोनाची तरी दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरून टाक. उतरल्या. आणि सगळ्यांच्या वरचा सल्ला म्हणजे, टेन्शन घेऊ नका. अहो टेन्शन मी काय बाजारातनं पिशवीत घालून आणते का? आमच्या ह्यांना तिशीत टक्कल पडलं. त्यांना कधी कोणी विचारलं का, तुम्ही कांदा लावता का म्हणून? टेन्शन घेता का म्हणून? पुरुषाचं टक्कल म्हणजे वय, आणि बाईचं टक्कल म्हणजे तिनंच काहीतरी केलेलं असणार. हाच राग येतो मला.

मग एका क्लिनिकमधे गेले. काचेचं दार, आत गारठा, पांढरा कोट घातलेली केतकीच्या वयाची पोरगी. तिनं डोक्यावर कॅमेरा फिरवला आणि समोर टीव्हीवर माझं डोकं दाखवलं, कापणी झाल्यावरचं शेत दिसतं तसं. म्हणाली पॅकेज घ्या. घेतलं, ह्यांचा बोनस तिथं गेला. डोक्यात सुया टोचायचे, मी अंबाडा सोडून पिशवीत ठेवायचे, सुया झाल्या की खाली जिन्यात उभी राहून परत बांधायचे, गच्च. आणि एवढ्या सुया टोचल्या पण एकानंही विचारलं नाय, बाई, पिशवीत काय आहे तुमच्या?

त्याच सुमाराला केतकीचं ठरलं. मुलगा चांगला, घरचे चांगले, वसईला राहतात, मूळचे घाटावरचे. विहीणबाई शाळेत शिकवतात. कडक साडी, कडक बोलणं, आणि अंबाडा असा की एक केस जागचा हलायचा नाय. साखरपुड्याला माझ्या डोक्याकडं बघून म्हणाल्या, तुमचे केस काय सुंदर हो. मी म्हटलं, तुमचेपण. दोघी हसलो. पण मला धास्ती वेगळीच. कारण आमच्याकडं लग्नात विहिणींची भेट असते, भर मांडवात, सगळ्यांसमोर, ह्या विहिणीनं तिच्या अंबाड्यात वेणी माळायची आणि तिनं हिच्या. आणि मी तर फुलवाली, माझ्या लेकीच्या लग्नातली वेणी म्हणजे बाया बघायला गर्दी करणार. त्या बाईनं माझ्या अंबाड्याला हात लावला आणि तो हातात आला तर? केतकीला सासरी आयुष्यभर काय ऐकावं लागेल? रात्रंदिवस तेच डोक्यात. जेवताना तेच, गजरा ओवताना तेच.

आणि झालं ते त्याच्याही आधी झालं. इथं जवळच एका बिल्डिंगमधे नवरीला वेणी माळायला गेले होते. नाव नाय सांगत, पोरगी बिचारी चांगली होती. ती स्टुलावर बसलेली, मी पुढनं वाकून तिच्या कानामागची अबोली सारखी करतेय, आणि माझा अंबाडा सुटला. सुटला म्हणजे काय, सगळा, गंगावन, आकडे, माझी वेणी, सगळं एक गोळा होऊन त्या पोरीच्या मांडीवर पडलं. ती किंचाळली, उंदीर, उंदीर! मेकअपवाली पलंगावर चढली. दारातनं चार बाया धावत आल्या आणि बघतायत तर मी उभी, अशी, डोक्यावर चार केस. कोणीतरी हसलं. नवरीच्या आईनं ते उचललं, स्टीलच्या ताटलीत घातलं आणि माझ्यासमोर धरलं, हळदीकुंकवाची ताटली धरतात तशी. काय करणार बिचारी, तिलापण सुचेना. मी ते पिशवीत टाकलं आणि नवरीची वेणी पुरी केली. तशाच बोडक्या डोक्यानं. काम अर्धं टाकून जायची सवय नाय. मग रिक्षात पदर डोक्यावरनं ओढून घेतला आणि घरापर्यंत रडले. त्यात काय लाज, रडले.

रेजिनाला फोन केला. ती म्हणाली, आता मुकाट्यानं माझ्याबरोबर चल, आणि स्किनच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली, मोठ्या दवाखान्यात. त्या बाईनं कॅमेरा नाय, टीव्ही नाय, नुसता हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न, केस कसे बांधता? मी पिशवीतनं गंगावन काढून टेबलावर ठेवलं. वेणीची मापं सांगितली. रात्री सोडता का? नाय. कधीपासून असं? म्हटलं, कळी खुडायला लागले तेव्हापासनं. त्यांनी रक्त तपासायला लावलं. रक्त कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या, थायरॉईड बरा निघाला. पण म्हणाल्या, मूळ गोष्ट ही की तुमचे केस आपण होऊन गळत नायत, तुम्ही ते रोज ओढून काढताय. कडेची कातडी जिथं गुळगुळीत झाली तिथले बहुतेक नाय येणार, बाकीचे येतील, पण अंबाडा बंद, गंगावन बंद, वेणीचं ओझं बंद. एक लोशन दिलं, वर सांगितलं की पहिले काही आठवडे आणखी गळतील, घाबरू नका.

आणखी गळतील! मी म्हटलं, बाई, माझ्या लेकीचं लग्न आहे. त्या हसून म्हणाल्या, मग लग्नात सगळे नवरीकडं बघतील, तुमच्या डोक्याकडं कोण बघतंय. मला असा राग आला. मनात म्हटलं, तुम्हाला कातडी कळते, लग्नातल्या बाया कळत नायत. पण घरी येऊन खरा राग आला तो दुसराच. ज्या वेणीखाली मी झाकत होते, त्याच वेणीनं केस जात होते. झाकायला जेवढी मोठी करत होते, तेवढी ती ओढत होती. माझ्याच वाडीची फुलं, माझेच हात. आईवरपण राग आला, पण ती जाऊन वर्षं झाली, तिच्यावरचा राग नेऊन ठेवायचा कुठं?

रेजिनानं केस कापले. बारीक, मानेपर्यंतपण नाय. घरी आले तर सासूबाईंनी हातातली वालाची शेंग टाकली. आगो, नवरा जिता हाय तुजा, आनि केस कापून आलीस? लोक काय म्हनतील, कोन मेला म्हनून? मी म्हटलं, आई, केस मेले. दोन दिवस माझ्या हातचं पानी नको म्हनून बसल्या, मग चहाशिवाय राहवेना तेव्हा बोलल्या. बघा, त्यांची नक्कल करता करता मी पण त्यांच्यासारखं पानी म्हणायला लागले.

केतकीनं मुंबईहून विग आणला. आई, एक दिवस लाव ना, फोटोत कायमचं राहतं. ठेवून घेतला. तिला माझी लाज वाटली असं नाय म्हणत मी, पण लागलं मला. लग्नाच्या दिवशी पहाटे तो विग चढवला, आत चिमटे, वर उकाडा, डोकं भट्टीसारखं तापलं. आणि बसले केतकीला वेणी माळायला. भावानं वाडीतल्या निवडून कळ्या दिल्या होत्या. हाताला सवय, ओढली आणि आकडा खुपसला, तशी ती म्हणाली, आई, दुखतंय.

दोनच शब्द. हेच मी आईला म्हणायचे. मी तिचा चेहरा उजेडाकडं फिरवून कानाच्या वर बघितलं तर इथं, माझं सुरू झालं होतं तिथंच, कपाळाची कड विरळ. चोवीस वर्षांच्या पोरीची. सगळे आकडे काढले, वेणी सोडली आणि सैल, अगदी सैल, नुसती टेकवल्यासारखी माळली. ती म्हणाली, पडेल की गं. म्हटलं, पडू दे, परत माळीन, मी आहे ना. आणि तिथंच तो विग काढून खुर्चीवर ठेवला. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला तिनं आणि म्हणाली, आई, नको घालूस परत.

मांडवात आले तशी. बाया कुजबुजायला लागल्या. नणंदेनं तर कपाळावर हात मारला. विहिणींची भेट आली. आधी मान मुलाच्या आईचा, म्हणून मी वेणी घेतली आणि विहीणबाईंच्या मागं उभी राहिले. अंबाड्याला बोटं लावली मात्र, कळलं. नवरा डोक्याला हात लावून बघेल तर त्याला कळणार नाय, पण माझ्या बोटांना कळलं. गंगावन. आणि त्याच्याखाली आकड्यांची रांग, कडेचे केस ताणून ताणून धरलेले, सगळं माझ्यासारखंच. ती बाई ताठ झाली. तिला कळलं की मला कळलं. साखरपुड्याला आम्ही दोघी एकमेकींच्या खोट्या केसांचं कौतुक करत होतो! मला हसूपण आलं आणि भडभडूनपण आलं. मी वेणी अशी हलकी टेकवली की एकाही आकड्याला धक्का नाय.

मग त्यांची पाळी. हातात एवढी मोठी वेणी घेऊन त्या माझ्यासमोर, आणि माझ्या डोक्यावर माळायला जागा कुठं? सगळा मांडव बघतोय. माझी केतकी स्टेजवरनं बघतेय. विहीणबाईंनी वेणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वेणीचा दोरा दातानं तोडला. शाळेतली बाई, कडक इस्त्रीची, भर मांडवात दातानं दोरा तोडते. मोगऱ्याचा चार बोटांचा तुकडा काढला, एका आकड्यानं माझ्या कानामागं लावला आणि मोठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, छान दिसतंय हो. आणि मग कानाशी येऊन, एकदम हळू, तुमच्या डॉक्टरचा नंबर द्या मला.

आता येतात त्या रविवारी कधी कधी. आधी दार लावतात, मग अंबाडा सोडून पिशवीत ठेवतात आणि पंख्याखाली बसतात. शाळेत सोडायची हिंमत अजून नाय म्हणतात. होईल, मलापण कुठं लगेच झाली. माझं म्हणाल तर भांगात लव आली, बारीक, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. कडेला नाय आली. नाय येणार आता ती. गोळ्या चालू, लोशन चालू, वैताग तर चालूच. काही गिऱ्हाइकं तुटली, त्यांना अंबाड्यावाली फुलवाली पाहिजे, जाऊ देत. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, आमच्या सुनेला टायफाईड झालेला, त्यात केस गेले. सांगू देत. केतकी मात्र आता केस मोकळे ठेवते, माझ्याकडं आली की मी पहिलं कानाच्या वर बघते, ती चिडते. चिडू दे.

बाजारात बसते रोज. कानामागं एवढासा गजरा, एकच आकडा. पोरी येतात, गजरा घेतात, तिथंच उभ्या राहून गच्च बांधायला लागतात, मग मी हात धरते, सैल बांध गो बाय, सैल. काही ऐकतात, काही नाय.

देव तुमच्या डोक्यावरचं सगळं राखो. पण आता ते लिहायचं ठेवा बाजूला आणि जरा मागं वळून बसा बघू. आल्यापासून बघतेय मी, बोलायचं बोलतेय पण लक्ष सगळं तिकडं. केवढा घट्ट रबर लावलाय तुम्ही.